बिनस्टेपनीची गाडी

गाडीच्या काट्यांशेजारचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा कालपासून पेटलेला होता आणि चिऊनं त्याच्याकडे अगदी मन लावून दुर्लक्ष केलं होतं. त्याला कारण तिचा दादा. स्वतःची जुनी गाडी बहिणीला देताना दादानं छाती फुगवून सांगितलं होतं, "हिला रन-फ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी चालत राहतात. पंक्चर झालेलं तुला कळणारसुद्धा नाही." दादानं सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिशीला टेकली तरी घरात चिऊ ही चिऊच होती आणि दादा हा दादाच होता.

पण त्या दुपारी भुरभुर पावसात गाडीला जळक्या रबराचा वास यायला लागला, मागचं एक चाक थडथड वाजायला लागलं, आणि मागच्या सीटवर होता तिनं ऑर्डरीवर बनवलेला लग्नाचा तिमजली केक. वळणावर टायरचं दुकान दिसलं तशी चिऊनं गाडी आत घातली.

आतून एक उंच माणूस आला. कोपरापर्यंत काळे हात, कानावर खडू. त्यानं आधी चाकाकडे बघितलं, मग पुन्हा चाकाकडेच बघितलं, आणि बऱ्याच वेळानं चिऊकडे.

"दिवा कधीपासून पेटलाय?"

"काल… पासून."

"आणि कुठवर जाऊन आलात?"

"लांब नाही हो. गावाबाहेरच्या मैद्याच्या गोदामापर्यंत. आणि परत. आणि मग मैत्रिणीकडे."

"म्हणजे लांबच," तो म्हणाला. "बरं, डिकी उघडा. स्टेपनी लावून देतो."

त्यानं डिकीच्या तळाची फळी उचलली. खाली स्टेपनीच्या जागी थर्माकोलचा एक तुकडा आरामात पहुडला होता.

"वाटलंच मला. या टायरच्या गाडीला बहुतेक स्टेपनी देतच नाहीत. हवा गेली तरी गाडी चालते ना, मग स्टेपनी कशाला, असा विचार."

"मग पंक्चर काढून द्या. पटकन."

त्यानं चाक उतरवलं. टायर रिमवरून सुटता सुटेना. त्याच्या बाजूच्या भिंती इतक्या कडक की मशीनसुद्धा कुरकुरायला लागलं. शेवटी सुटला तेव्हा त्यानं आत हात घातला आणि मूठभर काळी पूड बाहेर काढून चिऊसमोर धरली.

"दुकान गाठेपर्यंत हळूहळू चालवायचा असतो हा. तुम्ही त्याला सहलीला नेलंत. आतून पार भुगा झालाय. याला ठिगळ लावून मी तुम्हाला रस्त्यावर पाठवणार नाही."

"नवा लावा मग."

"या मापाचा कुणी ठेवत नाही. मागवावा लागेल. आठवडा तरी जाईल."

"तुम्ही टायरवाले आहात की शाळामास्तर?" चिऊ चिडून म्हणाली, पण आवाज रडवेला व्हायला लागला होता. "प्रत्येक गोष्टीला नाही, आणि वर समजावून सांगणं."

दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ खदाखदा हसले. "सगळे मास्तरच म्हणतात त्याला. मी त्याचा बाप. मला अप्पा म्हणतात."

मास्तर हसला नाही. तो मागच्या सीटवरच्या केककडे बघत होता. "हा कुठे पोचवायचाय?"

"टेकडीवरच्या हॉलवर. संध्याकाळी लग्न आहे."

"चला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. तीनदा साबण लावला, तरी नखांच्या कडा काळ्याच राहिल्या.

त्याची व्हॅन म्हणजे एक प्राचीन प्रकरण होतं. एक दार दोरीनं बांधलेलं, पुढचा एक दिवा रुसलेला. चिऊ मागे पायाशी बसली आणि केकच्या बोर्डाला दोन्ही हातांनी धरून राहिली. टेकडीचा रस्ता उखडलेला. मास्तर प्रत्येक खड्ड्याआधी सांगायचा, "डावीकडे येतोय हं… आता उजवीकडे…" आणि व्हॅन प्रत्येक खड्ड्यात हलकेच उतरून वर यायची. चिऊला आरशातून त्याचे फक्त डोळे दिसत होते. छान होते. हे तिनं लगेच मनातून झटकून टाकलं.

हॉलवर पोचल्यावर तिनं झाकण काढलं आणि तिचा चेहरा पडला. मधल्या मजल्यावर क्रीमला आडवी भेग गेली होती. ही भेग तिनं टायरच्या दुकानात, केक व्हॅनमध्ये हलवतानाच पाहिली होती. ती वाढली नव्हती, पण गेलीही नव्हती. चिऊनं पिशवीतून क्रीमचा कोन काढला, चपटी सुरी काढली आणि भेगेवरून पांढऱ्या कळ्यांची एक वेल चढवायला घेतली. मास्तर भिंतीला टेकून बघत राहिला. पाहुणे यायच्या आत भेग दिसेनाशी झाली होती.

"तुमच्या हातात जादू आहे," तो म्हणाला.

"हातातच तर खोट आहे." चिऊ कोन पुसत होती. कुणाशी तरी बोलायला हवंच होतं, आणि अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं. "लागोपाठ चौथा केक हा. घरातून निघताना ठणठणीत असतो, पोचतो तेव्हा फुटलेला. क्रीम घट्ट करून बघितलं, आत आधाराच्या काड्या जास्त घातल्या, कृती बदलून बघितल्या. लोक आता ऑर्डर देईनासे झालेत. आईला सांगून टाकलंय, आता एक ऑर्डर उरली आहे. तीही फुटली, तर मामाच्या ऑफिसात नोकरीला जायचं. मामा दुसऱ्या शहरात असतो. खुर्ची तयार ठेवलीय म्हणे त्यानं माझ्यासाठी."

परतीच्या वाटेवर मास्तर खड्डे सांगायलाच विसरला.

*

टायर यायला आठवडा लागणार होता. चिऊ रोज चौकशीला जायला लागली. फोनवर विचारता आलं असतं, पण तिचं म्हणणं असं, की समोर उभं राहिलं म्हणजे काम लवकर होतं. आईनं विचारलं, "टायरच्या दुकानात जाताना कानातलं कशाला?" त्यावर चिऊ म्हणाली, "सहज." आयांना असल्या 'सहज'चा अर्थ लागतो.

ती जाताना सरावासाठी केलेल्या केकचे तुकडे न्यायची. अप्पांना गोड वर्ज्य होतं, म्हणून अप्पा पाठ करून खायचे. मास्तर उभ्या उभ्या खायचा आणि काहीच बोलायचा नाही.

"कसा झालाय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? टायरबद्दल अर्धा तास बोलता. केकबद्दल एक शब्द?"

"टायरबद्दल बोलताना जीभ अडखळत नाही माझी," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

चिऊनं त्या दिवशी गरज नसताना दुकानातल्या सगळ्या टायरांची मापं विचारली.

आठवड्यानं टायर आला. मास्तरनं तो चढवला, चाकं तोलून घेतली, हवा मोजली. आता गाडी मिळणार म्हणून चिऊनं किल्लीसाठी हात पुढे केला, तर अप्पा खुर्चीतून उठले. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला.

"हे काय?"

"आमच्या दुकानाची रीत आहे," मास्तर म्हणाला. "टायर लावला की भरलेला पेला गाडीत ठेवायचा आणि मागच्या गल्लीतून एक चक्कर मारायची. पाणी सांडलं तर गाडी द्यायची नाही. आधी चूक शोधायची."

तिघे गाडीत बसले, अप्पा मागे, मांडीवर पेला घेऊन. गल्लीत एक लहानसा उंचवटा आला. गाडी त्याच्यावरून ठक्कन आदळली आणि निम्मं पाणी अप्पांच्या मांडीवर आलं. मास्तरनं परत येऊन हवा पुन्हा मोजली, चाकं पुन्हा तोलली. दुसऱ्या फेरीला उरलेलं निम्मं सांडलं.

"गाडी द्यायची नाही," अप्पा धोतर झटकत म्हणाले.

पुढचे तीन-चार दिवस हाच खेळ. चिऊ यायची, पेला भरायचा, गाडी फिरायची, अप्पा भिजायचे. चिऊला गंमत वाटत होती. मास्तरच्या शेजारी बसून गल्लीत फिरायला तिची मुळीच हरकत नव्हती.

"माझी गाडी ओलीस ठेवलीत तुम्ही," ती एकदा म्हणाली. "खंडणी काय, तेवढं सांगा."

"रोज येत जा," तो बोलून गेला. मग घाईनं म्हणाला, "म्हणजे… चक्कर मारायला."

"चक्कर मारायलाच येते मी. दुसरं काय."

दोघंही जरा वेळ समोरच्या काचेवरचे थेंब बघत बसले. शेवटी मास्तरनं घसा साफ केला.

"खरं सांगू? चूक कुठेच नाहीये. हवा बरोबर, चाकं बरोबर. हा टायरच असा आहे. हवा नसतानाही वजन पेलता यावं म्हणून याच्या भिंती जाड आणि कडक करतात. साधा टायर खड्डा पोटात घेतो. हा घेत नाही, वर पाठवतो. आतल्या माणसाला कळत नाही असं नाही, पण सवय होते. केकला…" तो थांबला. "टायर वाईट नाही. तुम्ही म्हणालात, दादा रात्रीअपरात्री एकटे हमरस्त्यानं जायचे, त्यांना तो बरा. तुमच्या कामाचा नाही."

चिऊनं आपल्या हातांकडे बघितलं. म्हणजे हात नव्हे? पण इतकी चांगली बातमी एकदम खरी मानायची तिची हिंमत झाली नाही. घरी जाऊन तिनं ती दादाला सांगितली, आणि दादानं तिच्यावर पाणी ओतलं, तेही पेल्यानं नाही, बादलीनं.

"अगं, टायरवाला आहे तो. तुला चार टायर विकायचेत त्याला. तू रडवेलं तोंड करून केकची कहाणी सांगितलीस, त्यानं टायरची सांगितली. माझी गाडी बैलगाडी करून ठेवेल."

चिऊ रात्रभर कूस बदलत राहिली. टायरचं काही वाटत नव्हतं. पण तो लाल झालेला चेहरा, ते "रोज येत जा"... तेही गिऱ्हाइकासाठीच असेल तर? दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा तिनं कानातलं घातलं नव्हतं.

"एक विचारू? मला टायर विकायचेत का तुम्हाला?"

मास्तरच्या हातातला पाना थांबला. "असं वाटलं तुम्हाला?"

"मला काहीच कळत नाहीये. परवा शेवटची ऑर्डर आहे. माझा हात खराब असेल तर मला ते कळलं पाहिजे. गोड बोलून नको."

त्यानं पाना खाली ठेवला. मग मास्तरनं खिशातून व्हॅनची किल्ली काढून तिच्या समोर ठेवली.

"काही विकायचं नाहीये मला. एकही टायर बदलू नका. परवा माझी साध्या टायरांची व्हॅन न्या, तुमची तुम्ही चालवा. मी येणार नाही, खड्डे सांगणार नाही. केक फुटला तर हात तुमचा, जा मामांकडे. नाही फुटला, तर गाडीचा दोष."

"आणि नाही फुटला तर मी काय करायचं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," तो म्हणाला आणि पाठ फिरवून एका टायरवर उगाचच खडूनं रेघा ओढायला लागला.

*

शेवटचा केक निवृत्त होणाऱ्या एका मुख्याध्यापिकाबाईंसाठी होता. दोन मजली, वर पिवळी साखरेची फुलं, कारण बाईंना बागेचं वेड. चिऊनं तो नेहमीच्याच रीतीनं केला. जास्तीची काडी नाही, जास्तीचं घट्ट क्रीम नाही. उंच खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि दोरीनं बांधलेल्या दाराची ती व्हॅन घेऊन निघाली. आई दारात उभी राहिली.

अर्ध्या वाटेवर, नेमकी झाडं संपून मोकळा रस्ता लागला तिथे, व्हॅन एका बाजूला बसली. चिऊ खाली उतरली. पुढचा टायर चपटा झाला होता. गावभराचे टायर बदलणाऱ्या माणसानं स्वतःच्या व्हॅनचे टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरले होते. चिऊला हसावं की रडावं कळेना. तिनं फोन लावला.

"मास्तर, तुमच्या व्हॅनची हवा गेली."

"चालवू नका. अजिबात नका."

"चालवत नाहीये. हा टायर थांबवतो हो माणसाला."

तो स्कूटरवरून आला. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. त्यानं व्हॅनच्या मागून स्टेपनी काढली, जॅक लावला, आणि मग म्हणाला, "व्हॅन कलेल. केक बाहेर घ्यावा लागेल."

चिऊनं खोका दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तो चाकापाशी गुडघ्यावर बसला. नट सोडवता सोडवता त्यानं विचारलं, "उघडून बघितलात?"

"नाही. धीर होत नाहीये. बघू का आता?"

"नको." तो इतक्या घाईनं म्हणाला की ती दचकली. "म्हणजे… जरा थांबा. तुम्ही बघायच्या आत मला बोलायचंय. नंतर बोललो तर फुटलेला असेल तेव्हा ते सांत्वन वाटेल, आणि नसेल तर… नसेल तर मी जिंकल्यासारखं वाटेल. मला दोन्ही नकोय."

त्यानं स्टेपनी बसवली. नट हातानं फिरवत राहिला. तिच्याकडे बघत नव्हता.

"तुम्ही विचारलंत, विकायचंय का. नव्हतं विकायचं. पण माझा स्वार्थ होता. मामांच्या ऑफिसातल्या त्या खुर्चीबद्दल तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, तेव्हापासून मला ती खुर्ची सहन होत नाही. तुमचा हात चांगला आहे हे मला त्या कळ्या काढताना दिसलं होतं. पण म्हणायला गेलो की वाटायचं, मी खरं बोलतोय की ही जाऊ नये म्हणून बोलतोय? माझाच मला भरवसा वाटेना. म्हणून किल्ली देऊन टाकली." त्यानं शेवटचा नट आवळला आणि उठला. "आता आत काय झालंय ते मला माहीत नाही. फुटलेला असो, नसो. जाऊ नकोस."

चिऊच्या हातातला खोका थरथरला. तिनं तो घट्ट धरला. पावसानं ओली झालेली एक बट तिच्या डोळ्यावर चिकटली होती आणि ती बाजूला करायला तिला हात मोकळा नव्हता. त्याला ते दिसलं. त्यानं हात पुढे केला, आपली काळी बोटं बघितली, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला.

"फुंकर घालू?" त्यानं अगदी हळू विचारलं.

तिनं मान डोलावली. त्यानं वाकून फुंकर घातली. बट जराशीच हलली, पुन्हा तिथेच आली. त्यानं दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदाची गरज नव्हती, तरी घातली.

"माझा हात खरंच वाईट निघाला तर?" तिनं विचारलं.

"तर रोज फुटका केक खाईन."

"आणि बोलणार काहीच नाहीस. 'चांगला' एवढंच."

"शिकेन हळूहळू."

चिऊ हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि तेही पुसायला हात नव्हते. "ऐक. मीही आधीच सांगते, हा खोका बंद आहे तोवर. मला जायचं नाहीये. दुकानात मी टायर आला का बघायला येत नव्हते. तू आहेस का बघायला यायचे."

मास्तर व्हॅनचं दार उघडायला धावला, पण दोरी सोडायची राहून गेल्यामुळे दार उघडलंच नाही.

बाईंच्या शाळेच्या सभागृहात दोघांनी मिळून खोका टेबलावर ठेवला. मुलं अजून यायची होती. चिऊनं झाकणाला हात लावला, डोळे मिटले, आणि उघडलं. खालचा मजला गुळगुळीत. वरचा मजला गुळगुळीत. कुठे केसाएवढीही भेग नाही. फक्त वरचं सगळ्यात मोठं पिवळं फूल आडवं पडलं होतं.

मास्तरचा चेहरा उतरला. "हे कसं… मी तर स्टेपनीची हवा नीट बघितली होती. तरी व्हॅनमध्ये—"

"व्हॅननं नाही केलं हे," चिऊ म्हणाली. "तू जाऊ नकोस म्हणालास तेव्हा झालं."

तिनं बोटाच्या टोकावर क्रीम घेतलं, फुलाच्या बुडाला लावलं आणि फूल जागेवर उभं केलं. हात जराही थरथरला नाही. मग तिनं फोन काढला. मास्तर शेजारी उभा राहून रुमालाला हात पुसत होता. रुमाल काळा झाला होता, हात तसेच होते.

"मामा, चिऊ बोलतेय. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. मी येत नाहीये." तिनं क्षणभर ऐकलं. "हो, पोचला केक. अगदी नीट पोचला. नाही, फुटला नाही कुठे. एक फूल पडलं फक्त." तिनं मास्तरकडे बघितलं. "पण ते मीच पाडलं, मामा."